मुखरू गवंड्याचा एकोणिसावा माथा

काही माणसं रंगमंचावर पाय न ठेवताही प्रवेश घेतात. चामोर्शीचा मुखरू गवंडी त्यातलाच. बाजाराच्या दिवशी तो गावात शिरला की भाजी विकणाऱ्या बाया हातातलं तागडं तसंच धरून मान वर करत. ताठ उंच बांधा, चुन्याने पांढरे पडलेले हात, खांद्यावर थापी-ओळंब्याची झोळी आणि काखेत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पाणसळ. ही पाणसळ तो तान्ह्या लेकरासारखी सांभाळायचा. हातभर लांब सागाची पट्टी, दोन्ही टोकांना पितळ, मधोमध काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मध्यावर थांबला की पट्टी सपाट, म्हणजे भिंतीचा थर बरोबर. त्या वस्तूचं काम एवढंच. मुखरूने मात्र तिच्याकडून जे करून घेतलं, ते ती घडवणाऱ्या सुताराच्या कधी मनातही आलं नसेल.

मुखरू तिच्यावर पहाड जोखायचा.

चांदा जिल्ह्याच्या पूर्वेला तेव्हा नुसतं जंगल होतं, आणि त्या जंगलात जुन्या जमीनदाऱ्या. एकेक जमीनदारी म्हणजे एकेक छोटं राज्यच. तिचा कारभारी वेगळा, बाजार वेगळा, देवाची जत्रासुद्धा वेगळी. सन एक्कावन्नला सरकारने जमीनदाऱ्या मोडल्या, पण लोकांच्या बोलण्यातून त्या गेल्या नाहीत. कुठला म्हणून विचारलं तर माणूस अजून गिलगावचा, रांगीचा, मुरुमगावचा असं जमीनदारीचंच नाव सांगे. मुखरूच्या मोजणीत अशा एकोणीस भरत. प्रत्येकीतली सर्वांत उंच जागा कोणती ते ठरवायचं, आणि तिच्यावर जाऊन बसायचं. तिथे ना खजिना असे, ना नवस फेडायचा असे. तो बसे, फडक्यातला भात जवसाच्या चटणीशी खाई, आणि उतरून कामाला लागे.

याची सुरुवात झाली एका विहिरीवर. सन एकोणपन्नासला तो एका जमीनदाराची विहीर बांधत होता. कारभारी छत्री टेकून म्हणाला, “हा समोरचा पहाड पाहिला काय? आमच्या राज्यात याच्यावरती उंच जागा नाई.” दुपारच्या सुट्टीत पाणसळ घेऊन मुखरू तो पहाड चढला, वरच्या खडकावर पट्टी मांडली, बुडबुडा मध्यावर आणला आणि पट्टीच्या टोकाला डोळा लावला. त्या सपाट रेषेच्या वर दुसऱ्या एका पहाडाचं टोक दिसत होतं. खाली येऊन त्याने सांगितलं, “कारभारीबुवा, तुमचा राजा दुसरा हाय. हा तर दिवाणजी.” कारभाऱ्याने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मुखरू त्या दुसऱ्या पहाडावर बसून भात खात होता, आणि खाली वैनगंगा धुतलेल्या धोतरासारखी उन्हात वाळत पडली होती. त्या दिवशी त्याला काहीतरी लागलं ते लागलंच.

मग पंचवार्षिक योजना आली. जंगलातल्या गावांना विहिरी हव्या होत्या, शाळेच्या खोल्या हव्या होत्या, आणि आठ-आठ दिवस तिथे राहून काम करायला चामोर्शीचे इतर गवंडी कुरकुरत. मुखरू मात्र गावाचं नाव ऐकताच झोळी उचले. त्याचे नियम पक्के होते. आधी त्या गावच्या पुजाऱ्याला विचारायचं. त्याने नाही म्हटलं तर चढायचं नाही. एका ठिकाणी तो होकारासाठी दोन वर्षं थांबला होता. वहाणा खाली ठेवायच्या. माथ्यावर चारही दिशांना पाणसळ लावायची, पट्टी उलटी फिरवून पुन्हा लावायची, आणि एकही टोक रेषेच्या वर नाही अशी खात्री झाल्यावरच शब्द काढायचा. त्याने उंच म्हटला तो पहाड उंच, हे मग शाळामास्तरही मानू लागले.

गावात टवाळी व्हायचीच. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा दाढी करता करता लटारू न्हावी म्हणाला, “मुखरूभाऊ, आपून निजलो मध्यप्रदेशात अन् उठलो मुंबई राज्यात. आता तुमाले मुंबईचा पहाड चढा लागंन.”

“राज्य कागदावर हलते, लटारू,” गालावरचा फेस सांभाळत मुखरू म्हणाला. “पहाडाले कोणी तार नाई केली.”

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तो परांचीवरून पडला. उजवा गुडघा असा काही फिरला की हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने महिनाभर बांबूच्या कामट्यांनी पाय बांधून ठेवला, आणि सोडताना सांगितलं, “चालशीन. पण चढणं आता संपलं समज.” तेव्हा अठरा माथे झाले होते. उरला होता एकच, पार पूर्वेकडच्या एका लहानशा जमीनदारीतला. या गुडघ्यात अजून एक चढण शिल्लक आहे, फार तर एक, असं मुखरूला वाटे. ती वाया जाऊ द्यायची नाही, एवढं त्याने मनाशी धरलं आणि पावसाळा काढला.

मार्गशीर्षात तो निघाला. त्या भागात दोन पहाड समोरासमोर होते, कोहकामेट्टा आणि रेकामेट्टा. मेट्टा म्हणजे गोंडीत पहाड. दोघांच्या मध्ये अर्ध्या कोसाची दरी. कोहकामेट्टावर गावाचा देव होता, म्हणून तिथवर पायवाट होती. रेकामेट्टावर कोणी जात नसे. खालच्या गावचा पुजारी झाडू हा मुखरूचा जुना ओळखीचा, शाळेच्या बांधकामात त्याने माती वाहिली होती. तो म्हणाला, “चाल, मी येतो. पण वाटेत नाला लागते, तिथून एक गोटा घे. आमच्या देवाले गोटा लागते. बिन गोट्याचा कोणी जात नाई.”

मुखरूने नाल्यातला एक गुळगुळीत गोटा उचलला आणि झोळीत टाकला. वर पोचायला त्याला इतर कोणापेक्षा तिप्पट वेळ लागला. माथ्यावर गवताने झाकलेला मोठा उंचवटा होता, त्यावर एक कुडाचं झाड, आणि झाडाखाली देवाची जागा. झाडूने आपला गोटा तिथे ठेवला, मुखरूने आपला ठेवला, हात जोडले. मग त्याच उंचवट्यावर बसून त्याने पाणसळ काढली. ऊन उतरत होतं, गुडघा ठणकत होता. रेकामेट्टाचं टोक रेषेच्या किंचित खाली दिसलं, एखाद्या पुरुषाच्या उंचीइतकं. पट्टी उलटी केली, पुन्हा तेच. मुखरूने पाणसळ मांडीवर ठेवली आणि लहान मुलासारखा रडला. झाडू शेजारी बसून विडी ओढत राहिला.

“झाले काय तुहे सारे?” त्याने विचारलं.

“झाले.”

“मंग रडून काऊन राह्यला? आता उतराचं हाय.”

ही बातमी चामोर्शीला मुखरूच्या आधी पोचली. आणि बातमी मिळाल्यावर बापूजी गप्प बसणारा माणूस नव्हता. बापूजी म्हणजे गावच्या नाटकमंडळीचा मालक, व्यवस्थापक, आणि वेळ पडली तर राजाही. दरवर्षी संक्रांतीनंतर शंकरपट भरे. दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती आणि मग नाटक, असा तो थाट. या वर्षी पट संपला की दुपारीच मंचावर मुखरूचा सत्कार करायचा, शाल आणि नारळ द्यायचं, असं बापूजीने ठरवलं आणि चार गावांत दवंडी दिली.

सत्काराच्या आदल्या दिवशी मुखरू अंगणात पाय पसरून बसला होता आणि त्याची बायको रंभा गुडघ्याला मोहाचं तेल चोळत होती. पंधरा दिवस कोहकामेट्टाची हीच कहाणी ऐकून तिचे कान किटले होते. तरी मुखरू पुन्हा सांगतच होता, नाला कसा लागला, गोटा कसा घेतला.

“तुमी बी गोटा नेला?” तिने विचारलं.

“सारेच नेतात. गावातला माणूस वर गेला का एक गोटा.”

“केव्हापासून?”

“झाडूचा आजा नेत होता, त्याचा आजा नेत होता.”

रंभाचे हात थांबले. “मंग इतले गोटे जातात कुठी?”

“देवापाशी.”

“तेच तं म्हणतो मी. देवापाशी म्हणजे माथ्यावर. शंभर वर्सं सारा गाव गोटे वाहून राह्यला, अन् तुमी त्याच्यावरच बसून पाणसळ लावली. मंग तुमी पहाडावर बसले होते का गोट्याच्या ढिगावर?”

ती हे हसत बोलली. मुखरू हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो उंचवटा आला, आणि गवताखालून पायाला लागलेले दगड आठवले. गोल, गुळगुळीत, पाण्याने घासलेले. पहाडाचा खडक तर काळा आणि टोकदार होता. सगळ्या वाटेने त्याने तो पाहिला होता. तीस वर्षं ज्याने भिंतीच्या पायात कोणता दगड बसला हे नजरेने ओळखलं, त्याला आपण कशावर बसलोय ते कळलं नाही. डोळा बुडबुड्याला लावला होता, बूड कशावर टेकलंय ते पाहिलंच नाही. ढीग दोन पुरुष तरी उंच असेल. आणि रेकामेट्टा खाली होता फक्त एक पुरुष.

“अवो, मी मस्करी केली,” रंभा म्हणाली.

“मस्करी नाई हाय ते.”

“मंग बाकीचे अठरा?”

मुखरूने डोळे मिटले आणि एकेक माथा आठवून पाहिला. पहिल्यावर उघडा खडक, तापलेला. दुसऱ्यावर सागाचं मूळ खडकात रुतलेलं. तिसऱ्यावर भेग, भेगेत सरडा. अठराही माथे त्याच्या पायांना आठवत होते, आणि अठराही खरे होते. खोटा होता तो एकच, ज्याची उद्या शाल मिळणार होती.

तसाच लंगडत तो बापूजीकडे गेला. बापूजी पडद्यांच्या घड्या उलगडून पाहत होता, उंदराने कुठे कुरतडलं ते. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने दोन्ही हात पसरले. “मुखरू, अरे दवंडी झाली. लोक बैलबंड्या जुतून येऊन राह्यले. अन् तुहा तो रेका का फेका, तो पाहाले कोण जाते?”

“कोणी नाई जात.”

“मंग?”

“मी जाईन न.”

“या पायानं?”

खरं संकट तेच होतं. एकच चढण शिल्लक होती आणि ती खर्ची पडली होती. उद्या गप्प राहून शाल घेतली तर एकोणीस पुरे होत, गाव खुश, बापूजी खुश. बोललं तर हातात राहणार अठरा आणि एक निकामी गुडघा. रात्रभर नव्हे, घरी पोचेपर्यंतच त्याने ठरवलं असावं. कारण घरी येऊन तो जेवला आणि गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी पटाची शेवटची जोडी सुटली, धूळ बसली आणि लोक मंचासमोर गोळा झाले. मागे राजदरबाराचा पडदा सोडला होता. काय तो पडदा होता. निळ्या खांबांचा, सोनेरी महिरपींचा, दुरून पाहिलं तर दरबारात खरंच पाऊल टाकावंसं वाटे असा. त्या दरबारासमोर चुन्याच्या डागांचं धोतर नेसलेला मुखरू उभा राहिला. बापूजीने आपल्या राजाच्या आवाजात त्याची थोरवी सांगितली आणि शाल उलगडली. मुखरूने हात आडवा धरला.

“भाऊ, बाई,” तो म्हणाला, “मी अठरा चढलो. एकोणिसावा चुकला.” आणि मग त्याने नाल्याचा गोटा, ढीग, पाणसळ, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. “गवंडी असून पाया पाहिला नाई मी. तुमी मले इनाम देत होते, म्हणून सांगा लागलं.”

मग मागून लटारूचा आवाज आला, “मुखरूभाऊ, म्हणजे तुमीच एक गोटा टाकून पहाड वाढवला.” आणि सगळा जमाव हसला, मुखरूसुद्धा. नाटकवाल्यांना हसण्यातला फरक कळतो. हे हसणं पाडणारं नव्हतं, जवळ घेणारं होतं. बापूजी मात्र हातातल्या शालीकडे पाहत होता. उलगडलेली शाल घडी करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पट जिंकलेल्या बैलजोडीच्या मालकाला वर ओढलं आणि त्याच्या खांद्यावर ती टाकली. तो माणूस इतका घाबरला की नारळ घ्यायचाच विसरला.

माघात मुखरू पुन्हा निघाला, आणि या वेळी रंभा सोबत होती. “पडले तं उचलाले कोणी पायजे,” एवढंच ती म्हणाली. झाडूच्या गावी पोचल्यावर मुखरू संकोचत बोलला. आपल्या देवाचा पहाड दुसरा ठरतोय याचं झाडूला वाईट वाटेल, असं त्याच्या मनात होतं.

झाडूने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “मले विचारला असता तर तवाच सांगतलो असतो. पोरंबी जाणतात, मेट्टा खाली हाय अन् गोटे वरी.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“तू रडत होता. मी म्हटलो, खुशीत हाय.” त्याने विडी पेटवली. “अन् देवाचं म्हणशीन, तर त्याले उंची लागत नाई. गोटा लागते.”

पण रेकामेट्टा खरंच उंच आहे हे सिद्ध कसं करायचं? त्यावर युक्ती काढली मुखरूनेच. झाडूने कोहकामेट्टावर जायचं, ढिगाच्या बुडाशी जिथे काळा खडक उघडा दिसतो तिथे उभं राहायचं आणि पांढरं धोतर पसरून धरायचं. मुखरू समोरच्या माथ्यावरून पाणसळ लावणार. धोतर रेषेच्या खाली दिसलं तर रेकामेट्टा उंच. वर दिसलं तर कोहकामेट्टाच उंच होता, ढीग असो वा नसो, आणि ही सारी पायपीट फुकट.

सकाळी दोन्ही पहाडांवर माणसं निघाली. रेकामेट्टाला वाट नव्हती. झाडूचा भाऊ सुकलू पुढे बांबू तोडत होता, त्याच्यामागे रंभा, आणि तिच्या मागे मुखरू. अर्ध्या चढणीवर गुडघ्याने कट्ट आवाज केला आणि पाय सरळ होईना. मुखरू खाली बसला. रंभा वळून आली.

“परत जावाचं?” तिने विचारलं.

“नाई. पण आता मी उभा चढत नाई.”

त्याने तोंड दरीकडे केलं, पाठ पहाडाकडे, आणि बसल्या बसल्या, हातांनी रेटत, एकेक बोट वर सरकू लागला. आयुष्यभर राजासारखा ताठ चाललेला माणूस ढुंगणावर पहाड चढत होता. धोतर फाटलं, तळहात सोलले. रंभा त्याच्या आधी माथ्यावर पोचली आणि वरून ओरडली, “या, या. मी पयली, तुमी दुसरे.”

“बस तिथीच,” खालून आवाज आला. “पायाखाली काय हाय ते पाह्य आधी.”

वर आल्यावर त्याने पाणसळीला हात लावला नाही. आधी थापी काढली. रंभा बसली होती तिथलं गवत बाजूला केलं, माती खरवडली. वीतभर खाली काळा, टोकदार, अखंड खडक लागला. त्याने थापीचं टोक आपटून पाहिलं, जसं नव्या पायावर आपटतात तसं. मग खडक पुसून पट्टी मांडली. बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला. बुडबुडा थांबला. मुखरूने डोळा लावला.

दरीपलीकडे कुडाचं झाड रेषेच्या वर होतं. ढिगाचा माथाही वर. मग नजर खाली सरकत गेली, रेषेवर आली, रेषेच्या खाली गेली, आणि तिथे, चांगलं पुरुषभर खाली, झाडूचं धोतर उन्हात फडफडत होतं.

त्याने पट्टी उलटी केली. पुन्हा पाहिलं. मग रंभाला म्हणाला, “तू पाह्य.”

तिने आयुष्यात पहिल्यांदा पाणसळीला डोळा लावला. बराच वेळ पाहून म्हणाली, “धोतर खाली हाय.”

“हाय न?”

“हाय म्हणतो न. अन् झाडूभाऊ थंडीनं मरून राह्यला, त्याले सांगा कोणी.”

सुकलूने तोंडाशी हात नेऊन हाळी दिली. पलीकडून हाळी आली. मग सुकलूने कमरेच्या फडक्यातून दोन गोटे काढले, नाल्यातले, गोल. “घे, मुखरूभाऊ. बाई, तूबी घे. ठेवा वरी.”

“इथी तं तुमचा देव नाई,” मुखरू म्हणाला.

“तुमी आले न इतल्या दुरून. आतापासून ठेवत जाऊ.”

मुखरूने गोटा घेतला. नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं, दिलेला मान तो कसा परत करील? पण माथ्यावर त्याने तो ठेवला नाही. बसल्या बसल्या वीसेक हात खाली सरकला आणि चारोळीच्या एका झाडाच्या बुंध्याशी तो नीट बसवला, खालची माती दाबून, हलणार नाही असा.

“तिथी काऊन?” सुकलूने विचारलं.

“मागून कोणी येईन पाणसळ घेऊन. त्याले खडक सापडला पायजे.”

सुकलूला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने मान हलवली. रंभा खाली आली आणि तिने आपला गोटा त्याच्या गोट्याला टेकवून ठेवला. मग फडकं सोडून तिने भात काढला, चटणी काढली, आणि तिघं त्या झाडाखाली जेवायला बसले.